कुत्र्याचं पिल्लू घेताना आधी त्याची माय पाहा

आमच्याकडे गोऱ्हा घ्यायचा म्हटलं तर बाजारात चार माणसं सोबत येतात. एक जण तोंड उघडून आदत आहे की दोन दाती ते पाहतो. दुसरा खुरं पाहतो, पाठीवर हात फिरवतो, चालवून बघतो. गाय घ्यायची असेल तर कितव्या वेताची, तिच्या मायला दूध किती होतं, हे विचारल्याशिवाय कोणी खिशात हात घालत नाही. त्याच घरातला पोरगा कुत्र्याचं पिल्लू मात्र मोबाइलवरचा फोटो पाहून ठरवतो, पैसे ऑनलाइन टाकतो आणि पिल्लू रात्रीच्या ट्रॅव्हल्सने खोक्यात घालून येतं.

सहा वर्षांपूर्वी मी हेच केलं. लॅब्रॅडॉरचं पिल्लू, 'दोन महिन्यांचं, लस झालेलं' असं सांगून दिलेलं. पहाटे फाट्यावर खोकं उतरवून घेतलं तेव्हा ते आपल्याच घाणीत निजलं होतं. चौथ्या दिवशी रक्ती हगवण लागली. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तोंड उघडून दात पाहिले आणि म्हणाले, "हे धड पाच आठवड्यांचंही नाही." सहाव्या दिवशी ते गेलं. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद. माझ्या लहान बहिणीने त्या पिल्लासाठी गोणपाटाची गादी शिवली होती, ती बरेच दिवस ओसरीवर तशीच पडून होती. पहिल्यांदाच पिल्लू घेणाऱ्या माणसावर ही वेळ येऊ नये, म्हणून हे सगळं लिहितो आहे.

पिल्लांचा कारखाना कसा चालतो

एखाद्या शेडमध्ये, गोदामात किंवा घराच्या मागच्या खोलीत आठ-दहा कुत्र्या पिंजऱ्यात ठेवलेल्या असतात. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते आणि अदमासे ६३ दिवसांनी विते. कारखान्यात तिचा एकही माज रिकामा जाऊ देत नाहीत. वेतामागून वेत घेऊन तिची हाडं वर येतात, थानं लोंबतात, आणि ती थकली की तिला कुठेतरी सोडून दिलं जातं. पिल्लं चार-पाच आठवड्यांची झाली की मायपासून तोडतात. याचं कारण हिशेबाचं आहे. त्या वयात पिल्लू सगळ्यात गोंडस दिसतं, आणि त्यानंतरच त्याच्या खाण्याचा, जंताच्या औषधाचा, लसीचा खरा खर्च सुरू होतो. तो खर्च गिऱ्हाइकाच्या माथी जातो.

नुकसान फक्त आजाराचं नसतं. चीक पाजण्याचं महत्त्व आपल्याला वासरावरून माहीत आहे. पिल्लालाही पहिल्या दिवसाच्या चिकातून रोगाशी लढायची ताकद मिळते. ती ताकद दीड महिन्यानंतर हळूहळू उतरत जाते आणि लसीने तिची जागा घ्यायची असते. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन जीवघेणे रोग बरोबर या मधल्या काळात गाठतात. दुसरं म्हणजे तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू मायकडून आणि भावंडांकडून वागणं शिकतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं, खेळ थांबतो, आणि दात किती लावायचा ते त्याला कळतं. पाचव्या आठवड्यात तोडलेलं पिल्लू हे न शिकताच घरी येतं. मग ते मोठेपणी पोराला चावलं की आपण त्या कुत्र्यालाच दोष देतो.

आधी घरात बसून ठरवा

कुत्रं कशासाठी पाहिजे? वावरात जागलीला, घराच्या राखणीला, की पोरांच्या सोबतीला? कापूस, तूर, हरभऱ्याच्या वावरात रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांनी जीव नकोसा केला आहे, हे मला सांगायला नको. पण एकटं कुत्रं रानडुकरांच्या कळपामागे घालणं म्हणजे त्याचं पोट फाडून घेणं आहे. कुत्र्याचं काम भुंकून माणसाला जागं करायचं. ते काम आपलं गावठी कुत्रं कोणत्याही महागड्या कुत्र्याइतकंच चोख करतं, उन्हाला टिकतं आणि भाकरीवर राहतं. फक्त जागलीसाठी पाहिजे असेल तर माझं स्पष्ट मत आहे की गावातल्याच एखाद्या व्यालेल्या कुत्रीचं पिल्लू दोन महिन्यांचं झाल्यावर घ्या आणि वाचलेले पैसे लसींवर घाला.

जातिवंतच घ्यायचं असेल तर आपलं ऊन डोळ्यांपुढे ठेवा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. सायबेरियन हस्की, सेंट बर्नार्ड ही थंड मुलखातली, दाट केसांची कुत्री. नवतपात वीज गेली आणि कूलर बंद पडला तर त्यांचं काय होईल ते मला बघवत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला धाप टाकूनही अंग नीट थंड करता येत नाही, त्यालाही उष्माघात लवकर होतो. आपल्या हवेत जो ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकणारा, हस्की विकतो, तो आपल्या परीक्षेत तिथेच नापास झालेला असतो. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड सावली आणि पाणी नीट असेल तर निभावतात, पण या दोन्ही जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष पिढीजात उतरतो, म्हणून त्यांच्या मायबापाची चौकशी जास्त करावी लागते.

कारवान आणि मुधोळ ही दख्खनची कुत्री, ऊन सोसणारी. मुधोळ हे गाव कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. ही कुत्री धावण्यासाठी घडलेली असतात, त्यांना रोज मोकळं रान लागतं. साखळीवर बांधून ठेवायची असतील तर घेऊच नका. ससे किंवा डुकरं धरायला म्हणून घेणार असाल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे ती शिकार ठरते आणि गुन्हा नोंदतो.

नाव कोणाकडून काढायचं

जाहिरातीवरून नाही. सगळ्यात भरवशाचा माणूस म्हणजे तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातला डॉक्टर. कोणाकडची पिल्लं तगतात आणि कोणाकडची आठवड्यात रक्ती हगवण घेऊन येतात, हे त्याच्या टेबलावर रोज दिसतं. त्याला 'चांगला ब्रीडर सांगा' असं म्हणू नका. 'तुमच्याकडे येणारी लॅब्रॅडॉरची धडधाकट कुत्री कोणाकडून घेतलेली आहेत?' असं विचारा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्यालाही पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. दोन्हीकडच्या दवाखान्यांत कुत्री येतात. रांगेत बसलेल्या लोकांशी तासभर बोललात तरी चार नावं कळतात आणि दोन गळतात.

हिवाळ्यात शहरात कुत्र्यांचे शो भरतात. तिथे नुसतं बघायला जा, पैसे घरी ठेवून. चांगले ब्रीडर तिथे आपली मोठी कुत्री घेऊन येतात आणि मोकळेपणाने बोलतात.

आठवडी बाजारात टोपलीत, हायवेच्या कडेला गाडीच्या डिकीत, मोबाइलवर 'आज घ्या उद्या घरपोच' असं सांगत विकलेलं पिल्लू घेऊ नका. यात अपवाद करू नका.

फोनवर विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न माझ्या शेजारच्या काकांनी मला शिकवला. दुसऱ्यांदा पिल्लू घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सरळ म्हणाले, "भाऊ, पिल्लाची माय कुठी हाये? आमी येऊन पाह्यतो, मंग पैशाचं बोलू." पलीकडचा माणूस म्हणाला की माय गावाला पाठवली आहे. काकांनी फोन ठेवून दिला. "ढोर इकनारा असं म्हनला तं तू थांबला असता काय?" एवढंच ते म्हणाले.

माय दाखवायला तयार असेल तरच पुढचं विचारा. तिचं वय काय? हे कितवं वेत? आधीचं वेत कधी झालं? कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले आहेत. त्यांप्रमाणे कुत्री दीड वर्षाची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांपुढे तिच्यापासून वेत घेता येत नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घेता येत नाहीत, आणि पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी विकता येत नाही. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. तुम्ही हे नियम जाणून आहात एवढं कळलं तरी समोरच्याचा सूर बदलतो.

किती जातींची पिल्लं आहेत तेही विचारा. 'लॅब, जर्मन, पग, रॉट, कोणतं पाहिजे ते सांगा' असं म्हणणारा व्यापारी आहे. त्याने ती कुठून तरी उचलून आणली आहेत. चांगल्या ब्रीडरकडे एक, फार तर दोन जाती असतात आणि बहुतेक वेळा पिल्लू तयार नसतंच. 'पुढचं वेत दिवाळीनंतर, नाव लिहून ठेवतो' असं उत्तर आलं तर तो शुभशकुन समजा आणि थांबा.

तो तुम्हाला काय विचारतो त्यावरही लक्ष ठेवा. मी ज्यांच्याकडून शेवटी पिल्लू घेतलं ते वरुड भागातले संत्र्याचे बागायतदार. त्यांनी मला जवळपास अर्धा तास विचारलं. घरी दिवसभर कोण असतं, बांधून ठेवणार की मोकळं, मळ्यात बिबट्याचा वावर आहे का, आधीचं पिल्लू कशानं गेलं. पार्व्हो म्हटल्यावर म्हणाले, "मग सध्या देत नाही." हा विषाणू जमिनीत कित्येक महिने, वर्षभरसुद्धा जिवंत राहतो आणि साध्या फिनाइलने मरत नाही, ब्लीचचं पातळ पाणी लागतं. हे मला तोपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस पाहिला आणि पिल्लू यांच्याकडूनच घ्यायचं असं मी ठरवून टाकलं.

प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा

न सांगता जाऊ नका, पण 'फाट्यावर भेटू, मी पिल्लू घेऊन येतो' हेही मान्य करू नका. पिल्लं जिथे जन्मली ती जागा पाहायची आहे. एका दिवशी दोन ठिकाणी जाऊ नका, चपलेला लागून पार्व्हो एका घरातून दुसऱ्या घरात जातो. पायावर औषध शिंपडायला सांगणारा किंवा चपला बाहेर काढायला लावणारा ब्रीडर असेल तर राग मानू नका.

आत गेल्यावर पहिले नाकाने पाहा. एक दिवसाची लघवी आणि आठवड्याची साचलेली घाण यांचा वास वेगळा असतो, गोठ्यात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मग माय. ती पिल्लांत आली की पिल्लं तिच्याकडे धावतात का? विऊन महिना-दीड महिना झालेली कुत्री थोडी वाळलेली असते, ते चालतं. पण फासळ्या मोजता याव्यात अशी, अंगावर केस गेलेले पट्टे, कानांत गोचिडांचे घोस, मालकाचा हात उठला की दबून बसणारी, अशी माय असेल तर परत फिरा. अनोळखी माणसावर दोनदा भुंकून मग मालकाच्या शब्दाने शांत होणारी माय ही चांगली खूण आहे. पिल्लांचा स्वभाव बराचसा तिच्यावर जातो. बाप तिथे नसला तर बिघडत नाही, चांगले ब्रीडर नर दुसरीकडचा वापरतात. पण तो कोणाचा आहे, हे नाव सांगता आलं पाहिजे.

आता पिल्लू, आणि बाजारातली आपली जुनी विद्या. तोंड उघडा. पिल्लाला दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून येऊ लागतात आणि आठ आठवड्यांपर्यंत सगळे २८ आलेले असतात. 'दोन महिन्यांचं' म्हणणाऱ्याच्या पिल्लाला पुढचे दात नुकते टोचताहेत आणि दाढांच्या जागी नुसत्या हिरड्या आहेत असं दिसलं, तर वय खोटं आहे. माझ्या पहिल्या पिल्लाचं असं तोंड उघडलं असतं तर कळलं असतं. हिरड्या गुलाबी हव्यात, पांढऱ्या पडलेल्या असतील तर जंत किंवा गोचिडांनी रक्त ओढलेलं असतं. अंग बारीक आणि पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, हेही जंतांचंच लक्षण. शेपटीखाली पाहा, हगवण लपत नाही. डोळ्यांत, नाकात चिकट घाण नको. खाली सोडून चालवा. टाळी वाजवा, दचकून पुन्हा जवळ आलं पाहिजे, कोपऱ्यात जाऊन थरथरणारं नको.

एक गोष्ट कठीण आहे, तरी सांगतो. वाईट जागेत गेल्यावर सगळ्यात मरतुकड्या पिल्लाची दया येते आणि 'याला तरी सोडवू' असं वाटतं. पैसे देऊन सोडवू नका. तुम्ही दिलेल्या पैशात त्या मायचं पुढचं वेत निघतं. बाहेर या आणि तक्रार करा, ती कुठे करायची ते खाली सांगितलं आहे.

कागद

चार कागद बघायचे. पहिला, ब्रीडरची नोंदणी. दुसरा, लसीचं कार्ड. त्यावर नुसती तारीख आणि सही चालत नाही. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते, आणि डॉक्टरचा शिक्का व नोंदणी क्रमांक असतो. घरच्या घरी सुई टोचून 'लस झाली' म्हणणारे खूप आहेत. तिसरा, केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद, ज्याला आपल्याकडे 'पेपर' म्हणतात. तो वंशावळ सांगतो. पिल्लू निरोगी असल्याची हमी तो देत नाही, आणि तो सरकारी परवानाही नव्हे. पेपर असलेली पिल्लंही कारखान्यातली असू शकतात. विकण्याआधी पिल्लाला मायक्रोचिप बसवणं नियमात आहे. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिचा १५ अंकी नंबर असतो. कागदावरचा नंबर आणि चिपचा नंबर एकच आहे का, हे स्कॅनर असलेल्या दवाखान्यात तपासता येतं.

चौथा कागद म्हणजे पावती. साध्या कागदावर का होईना, विकणाऱ्याचं नाव-पत्ता, जन्मतारीख, मायचं नाव, रक्कम, आणि 'डॉक्टरने अमुक दिवसांत आजारी ठरवलं तर पिल्लू परत घेऊन पैसे देईन' हे एक वाक्य लिहून घ्या. लिहून द्यायला तयार नसलेल्याचा तोंडी शब्द कामाचा नाही. पुढे ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर हाच कागद पुरावा होतो.

पैसे

पिल्लू न पाहता एक रुपयाही पाठवू नका. 'बदली झाली, पिल्लू फुकट देतो, फक्त गाडीभाडं पाठवा' असा फोन आला तर ती फसवणूक आहे. भाडं दिलं की विमा मागतात, मग पिंजऱ्याचे पैसे मागतात. गेलेच पैसे तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. चांगल्या ब्रीडरकडे नाव नोंदवताना थोडा विसार द्यावा लागतो. तो जागा आणि माय पाहिल्यावर, पावती घेऊन द्या.

तक्रार कुठे

कारखाना दिसला तर जिल्ह्याचे पशुसंवर्धन उपायुक्त, जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी आणि पोलीस ठाणे, तिन्हीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. प्राण्यांना क्रूरतेने वागवणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. गावात विकणारा ओळखीचाच निघतो आणि तोंडावर बोलणं जड जातं, हे मला ठाऊक आहे. निदान त्याच्याकडून कोणी घेऊ नये एवढं तरी सांगत राहा.

घरी आणल्यावर

उन्हाळ्यात आणायची वेळ आलीच तर पहाटे आणा, मांडीवर घेऊन, पाणी सोबत ठेवून. ब्रीडर जे खाऊ घालत होता तेच पहिला आठवडा द्या, एकदम गाईचं दूध दिलं की जुलाब होतात. दोन दिवसांच्या आत डॉक्टरला दाखवा. लसीचा एक डोस पुरत नाही. चिकातली उरलेली ताकद लसीला लागू होऊ देत नाही, म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात, रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. ते पुरे होईपर्यंत पिल्लाला चावडीवर, उकिरड्याकडे नेऊ नका.

ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा यांच्या कडेच्या गावांनी डिस्टेंपरची लस अजिबात चुकवू नये. हा रोग कुत्र्यांतून रानातल्या मांजरकुळात जातो. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले तेव्हा त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता. आणि तिथे कुत्रं रात्री उघड्यावर बांधू नका. बिबट्याला साखळीवरचं कुत्रं म्हणजे वाढलेलं ताट. रात्री ते बंद खोलीत किंवा भक्कम जाळीच्या आत हवं.

बागायतदारांनी मला आठ महिन्यांनी पिल्लू दिलं. नव्वद दिवसांचं होतं, दोन डोस झालेले. निघताना त्यांनी मायला मांडीवर घेऊन तिचं अंग पुसलेला फडका पिल्लासोबत दिला. पहिल्या रात्री ते त्या फडक्यावर नाक ठेवून झोपलं. त्याच्या लसींच्या तारखा आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहितो, बैलांच्या लाळ्या-खुरकुताच्या तारखेशेजारी. महिन्यातून एकदा अजून बागायतदारांचा फोन येतो, "कुत्रं कसं हाये जी?"